मोहाखालची झाडलोट

आमच्याकडे बाईमाणसाची पारख दोन ठिकाणी होते. एक तिच्या अंगणात, आणि दुसरी फागुनात, तिच्या मोहाच्या झाडाखाली. अंगण सारवलेलं पाहिजे आणि मोहाखाली वाळकं पान दिसता कामा नये. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पालापाचोळा असला तर ते त्यात दडतं, मग वाकून वाकून कंबर मोडते आणि हाताला अर्धंच लागतं. म्हणून फुलं गळायच्या आधी आम्ही खराट्याने पाला ओढतो, त्याला काडी लावतो. जमिनीसरसा बारका जाळ फिरतो आणि खालची जागा कशी ताटासारखी साफ होते. हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. वारा कुठून येतो ते पाहायचं, आधी भोवती पट्टा झाडून घ्यायचा, हाताशी ओली डहाळी ठेवायची. इतकी वर्षं मी हे करत आले. सांगायचं काय, तर यात मी कधी चुकले नव्हते.

एकदाच चुकले. आणि त्याहून मोठी चूक नंतर केली, ती हातून नाही, तोंडातून आणि पेनातून झाली. त्यातलीच ही गोष्ट आहे. ऐकून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून. मालक गेले त्याला बरीच वर्षं झाली. धानाच्या बांध्या पुतण्या करतो, पण त्यांच्या धुऱ्यावरचे, म्हणजे कडेच्या बांधावरचे, तीन मोह माझे. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. बाकीचं शिक्षण किराण्याच्या पुडीच्या कागदावर झालं. साखर डब्यात ओतायची आणि कागद वाचायचा. अर्धी बातमी आज, उरलेली कधीच नाही. त्यामुळे मला अजून सवय आहे, गोष्टीचा शेवट आपल्या मनानेच लावून टाकायची. लिहायलाही मी तसंच शिकले, पाहून पाहून. माझं अक्षर पोरांसारखं गोल आहे, पण वाचता येतं.

तर एका उन्हाळ्यात ती पोरगी आमच्या गावात आली. पोरगी म्हणते, पण पंचविशीची होती. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. घरी थोडं धान, बाकी सगळं जंगलाच्या भरवशावर. एमएस्सी झालेली, आणि मग एक मोठी परीक्षा देऊन तिने फेलोशिप मिळवलेली. तिला राहायला खोली पाहिजे होती. माझं घर रिकामं. मी म्हटलं, राहा.

"पण तू करते काय?" मी विचारलं.

"मोहाची रोपटी मोजते, बाई."

"अन् त्याचे पैसे भेटते?"

"हाव. त्यालेच फेलोशिप म्हणते. शिकून राह्यली, संशोधन करून राह्यली, तोवर पोटापाण्याले सरकार देते. पण दोन वर्सांनी समिती बसते. काम दाखवा लागते. त्याह्यले पटलं तर पुढे चालू, नाई पटलं तर घरी."

माझ्या शेजारणीला हे सांगितलं तर ती हसून हसून पायरीवर बसली. शेजारीण माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिचेही तीन मोह, माझ्या धुऱ्याच्या पुढच्या धुऱ्यावर. म्हणाली, "अवो बाई, आपण जलमभर मोहाखाली बसलो, आपल्याले कोणी फेलोशिप नाई देल्ली!"

पोरगी हसली. म्हणाली, "ताईमावशी, तुमी मोजलं नाई म्हणून."

तिचं काम असं होतं. आमच्या भागात म्हातारे मोह पुष्कळ आहेत, पण त्यांच्याखाली तरणा मोह दिसत नाही. का दिसत नाही? टोळ, म्हणजे मोहाची फळं, पडतात, पावसात उगवतात, वीतभर रोपटी होतात, आणि पुढच्या फागुनात आमच्या जाळात जातात. असं सगळेच म्हणतात, पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, असं ती सांगायची. म्हणून तिने सहा झाडं घेतली. शेजारणीच्या तीन झाडांखाली नेहमीसारखं जाळायचं. माझ्या तीन झाडांखाली दोन वर्षं काडी लावायची नाही. प्रत्येक झाडाखाली बांबूच्या खुंट्या ठोकून, दोरी ताणून तिने चौकोन आखले. पावसात उगवलेल्या एकेका रोपट्याच्या बाजूला नंबराची प्लास्टिकची पट्टी खोचली. दोन वर्षांनी कुठे किती जगली ते मोजायचं आणि समितीपुढे ठेवायचं.

शेजारीण म्हणाली, "माया झाडाखाली जाळलं तरी फेलोशिप, तुमच्या झाडाखाली नाई जाळलं तरी फेलोशिप. मंग हे पोरगी नापास होईल तरी कशी?"

तिचा बाप एकदा तिला भेटायला आला होता. कमी बोलणारा माणूस. एवढ्या लांबून येताना डोक्यावर चारांची, म्हणजे चारोळीच्या फळांची, टोपली आणली, पळसाच्या पानांनी झाकलेली. जेवला, हात धुतले, आणि जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "आमच्या घरात इतकं शिकलेलं कोणी नाई, बाई. तिचं काम काय आहे ते मले समजत नाई. तुमी ध्यान ठेवजा."

मी म्हटलं, "भाऊ, तुमी निसूर राहा, काई काळजी करू नोका."

हा शब्द मी दिला. कोणी मागितला नव्हता असंही नाही.

आणि मग ती वही. माझं अक्षर पाहून पोरगी म्हणाली, "बाई, मी दर वेळी इथी नसते. सरांकडे जा लागते, प्रयोगशाळेत जा लागते. तुमी रोजचं लिहून ठेवसान का?" तिने मला जाड पुठ्ठ्याची वही दिली आणि समजावलं. तारीख. वारा कोणीकडून. पाऊस आला का. चौकोनात ढोर शिरलं का. कोणी जाळलं का. "जे पाह्यलं तेच लिहाचं. जे नाई पाह्यलं त्याच्यापुढे 'माहीत नाही' लिहाचं. अंदाजानं लिहाचं नाई."

तुम्हाला हसू येईल, पण ती वही हातात आली तेव्हा मला वाटलं, मलाही फेलोशिप मिळाली. दीड-पावणेदोन वर्षं मी एक दिवस चुकवला नाही. ताप आला तरी पुतण्याच्या सुनेला धुऱ्यावर पाठवून, तिने पाहिलेलं लिहिलं, आणि खाली टीप टाकली की हे मी पाहिलं नाही. पोरगी ती वही वाचायची आणि म्हणायची, "बाई, तुमी माया सरांपेक्षा बऱ्या लिहिता."

पहिला फागुन जड गेला. शेजारणीच्या मोहाखाली लख्ख, आणि माझ्या मोहाखाली पाल्याचा थर, पाय ठेवला की करकर वाजणारा. चौकोनाबाहेरची फुलं मी पाल्यातून हाताने चाचपून वेचली. चौकोनातली तशीच सोडली. ती पाल्यात सडून त्यांचा वास सुटला. येणारी-जाणारी बाई थांबायची. एक म्हणाली, "हातपाय चालत नाई का आता?" दुसरी म्हणाली, "लेकसून नसली की असंच होते." मी हसून नेलं. पण रात्रभर ते शब्द कानात राहायचे. बाईच्या मोहाखाली उकिरडा, ही लाज तुम्हाला बाहेरून कळायची नाही.

दुसरा फागुन आला. समिती बसायला महिनाभर राहिला होता. पोरगी सरांकडे गेली होती, आपलं काम कसं मांडायचं त्याची तयारी करायला. शेवटची मोजणी राहिली होती, ती परत आल्यावर करायची. तिने मला फोन केला, आवाज आनंदाने फुललेला.

"बाई, परवा सर येऊन राह्यले. आपली झाडं पाहाले. त्याह्यच्यासंगं समितीतल्या एक मॅडम बी आहेत."

"इथी? आपल्या धुऱ्यावर?"

"हाव, धुऱ्यावर. चहा फक्त चांगला करजा."

चहा! अहो, मला चहाचं काय पडलं होतं? माझ्या डोळ्यांपुढे आला तो मोहाखालचा दोन वर्षांचा पाला. एवढे शिकलेले लोक येणार, आणि माझ्या झाडाखाली असा उकिरडा? पोरीची काय शोभा? पाहुणे यायच्या आधी आपण अंगण झाडतो, तसंच माझ्या मनात आलं. आणि चौकोनांना तर मी हात लावणारच नव्हते. चौकोन सोडून भोवतालचं तेवढं साफ करायचं. खुंट्या-दोरी कशी उठून दिसेल, मॅडमना पाहायला सोपं जाईल. असं मी माझ्याच मनाला समजावलं. पुडीच्या कागदावरच्या बातमीसारखा शेवट मीच लावून टाकला.

जाळायचं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूर्ण माहीत होतं. ते मीच वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं.

सकाळी मी खराटा घेऊन गेले. प्रत्येक चौकोनाभोवती चांगला दोन हात पट्टा झाडला. पाला ओढून धुऱ्याच्या कडेला ढीग केले आणि काडी लावली. वारा पडलेला होता, डहाळी हाताशी होती. पहिले दोन ढीग शहाण्यासारखे जळले. ऊन चढलं, घसा सुकला. मी म्हटलं, घोटभर पाणी पिऊन येते. पाण्याची बाटली ठेवलेली होती पळसाखाली, पन्नास पावलांवर.

तेवढ्यात वावटळ आली. फागुनात दुपारी येतात अशा, कुठून उठतात कळत नाही. तिसऱ्या ढिगाची पेटलेली पानं तिने उचलली आणि पंगतीत वाढावी तशी तिन्ही झाडांखाली वाढली. मी धावले. धावले म्हणजे काय, माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढी. डहाळीने मारत गेले. पण दोन वर्षांचा पाला तो, फटाफटा पेटला. नायलॉनची दोरी वितळून तिचे थेंब पडले. पट्ट्या मुरडल्या. रोपटी आधी नुसती पिवळी झाली, मग वाकली.

सगळं विझलं तेव्हा मी तिथेच बसले. पदराला भोक पडलं होतं. एका पट्टीवरचा नंबर अजून वाचता येत होता, एकोणीस. तिच्या बाजूला काहीच नव्हतं.

आता पुढचं ऐका. घरी येऊन मी हातपाय धुतले, वही काढली. तारीख लिहिली. वारा लिहिला. आणि मग लिहिलं, "आज दुपारी जंगलातून वणवा आला. तिन्ही झाडांखाली जळाले." किती सरळ ओळ आली! कुठे खाडाखोड नाही. जे पाहिलं तेच लिहायचं म्हणणाऱ्या पोरीच्या वहीत मी न पाहिलेला वणवा पेटवला. मग तिला फोन करून तेच सांगितलं.

 ती म्हणाली, "बाई, तुमाले लागलं तर नाई ना?"

हे तिने पहिलं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि तिच्या मागोमाग सर आणि मॅडम. सर राखेतून हळूहळू फिरले. म्हणाले, "रानातल्या कामात असं होतं. नोंद कोणाची आहे?" पोरीने वही पुढे केली. मॅडमनी उभ्या उभ्या चार-पाच पानं वाचली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आजी, अशी वही आमचे विद्यार्थीसुद्धा ठेवत नाहीत." मी त्यांना चहा दिला. चांगला केला होता.

ते गेल्यावर पोरगी पेन घेऊन माझ्यापुढे बसली.

"बाई, जाळ पहिले कोणत्या झाडाले लागला?"

"त्या कडेच्या. जंगलाकडच्या."

"किती वाजता?"

"दुपारी. एक-दीड."

"जंगलाकडून येताना तुमी सोता पाह्यला?"

"हाव."

मी एक बोलायची, ती एक लिहायची, बारीक सुंदर अक्षरात. माझं खोटं इतकं नीटनेटकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती उठून धुऱ्याच्या टोकाला गेली, जंगलाच्या बाजूला, आणि बराच वेळ उभी राहिली. तिथलं वाळकं गवत कंबरेएवढं उभं होतं. एक काडी जळली नव्हती. मी ओट्यावरून तिची पाठ पाहत होते. मला वाटलं, झालं, आता ती येईल आणि तोंडावर बोलेल. खरं सांगू का, बोलली असती तर मी सुटले असते.

ती आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमी तिले वाचवून राह्यल्या ना?"

"कोणाले?"

"मावशीले. जाळ तिच्या झाडाकडून आला. जंगलाकडचं गवत तर जसंच्या तसं आहे. शेजारपणासाठी तुमी माया वहीत वणवा लिहिला. तुमचं मन चांगलं आहे, बाई, पण असं लिहाचं नसते."

मी मान खाली घातली. कोणालाही वाटलं असतं, म्हातारीचा चांगुलपणा उघडा पडला म्हणून ती लाजली.

पोरगी शेजारणीकडे गेली. तिथला आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. ती पोरगी कधी आवाज चढवणारी नव्हती. "मावशी, मी तुमाले कितीदा सांगतलं होतं, जाळाले बसान तर मले नाई तर बाईले बोलवा! दोन वर्स गेले माये!" आणि शेजारणीचा, त्या फटकळ बाईचा, एकही शब्द ऐकू आला नाही.

चार दिवसांनी शेजारीण हापशीवर भेटली. मी गुंड भरत होते. तिने आपलं गुंड खाली ठेवलं आणि म्हणाली, "धूर कोठून उठला ते मी पाह्यलं, बाई. मी माया छपरीत मिरच्या खुडत होती. तुमी डहाळी घेऊन धावल्या ते बी पाह्यलं."

माझा हात सुटला. हापशीचा दांडा वर जाऊन थांबला.

"मंग तू बोल्ली काऊन नाई?"

"मी कायले बोलू? ते पोरगी मले बोल्ली, मी आयकून घेतलं. मायं का जाते? मले ना फेलोशिप, ना वही." मग गुंड डोक्यावर घेता घेता म्हणाली, "पण तिनं मले ताईमावशी म्हणाचं सोडलं. ते बरं नाई वाटत. आता तुमचं तुमी पाहा."

आयुष्यभर मी या बाईला उथळ समजत आले. तिने माझा आळ आपल्या डोक्यावर घेतला आणि वरून पाण्याचं गुंड घेतलं, आणि चालत गेली.

सांगायचं तर त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. पोरगी रात्रंदिवस काम करत होती. गेलेल्या मोजणीच्या जागी काय मांडायचं याची जुळवाजुळव चालली होती. मी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि मनात म्हणायची, जेवण झाल्यावर सांगते. जेवण झाल्यावर म्हणायची, आता तिला झोपू द्यावं. दया करून राहिले, असं मला वाटायचं. ती दया माझी माझ्यावरच होती.

समितीच्या आदल्या दिवशी सकाळी ती निघाली. मी तिची पिशवी घेऊन फाट्यावर पोचवायला गेले. बसला वेळ होता. ती म्हणाली, "बाई, मी अहवालात लिहिलं, शेजारच्या झाडाखालचा जाळ पसरला म्हणून. अन् शेवटच्या पानावर तुमचे आभार मानले. वहीसाठी."

ते आभार माझ्याने ऐकवले नाहीत. मी म्हटलं, "जाळ मी लावला."

तिला कळलंच नाही. "काय?"

"शेजारणीनं नाई. वणवा बी नाई. सर येणार म्हणून मी झाडलोट केली. काडी मी लावली. वावटळ आली. वहीतलं खोटं आहे."

रडेल वाटलं, ओरडेल वाटलं. तिने पिशवीची चेन उघडली, वही काढली, मैलाच्या दगडावर बसून गुडघ्यावर ठेवली. "किती ढीग होते?" तिने विचारलं. मी सांगितलं. "चौकोनापासून किती हात?" सांगितलं. "पहिले कोणत्या झाडाले लागला?" या वेळी मी खरं झाड सांगितलं. तिने माझी जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, आणि म्हणाली, "सही करा." मी केली. माझ्या नावातलं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं.

बस आली. पायरीवर चढताना ती म्हणाली, "माया बाप बी जाळते, बाई. सारेच जाळतात. जाळल्याचा राग नाई." दार लागलं. खिडकीतून तिने पाहिलं नाही.

पुढचं मला तिच्या फोनवरून कळलं. तिने समितीपुढे आधीचा अहवाल बाजूला ठेवून खरं ते सांगितलं आणि वहीतल्या दोन्ही ओळी दाखवल्या. तेव्हा त्याच मॅडमनी, ज्यांनी मला आजी म्हटलं होतं, विचारलं, "ही एक नोंद खोटी निघाली. मग बाकीच्या दोन वर्षांच्या खऱ्या कशावरून?"

 उत्तर माझ्याकडे होतं. मी ओरडून सांगितलं असतं की बाकीचं पान न पान खरं आहे, ताप असताना लिहिलेलंसुद्धा. पण माझ्या सांगण्याला आता काय किंमत होती? समितीने सगळी वही बाद केली. फेलोशिप पुढच्या टप्प्यावर नेली नाही. बंदही केली नाही, पण थांबवली. आणखी एक पावसाळा आणि एक फागुन पुन्हा सगळं मोजून आण, मग पाहू, असं म्हणाले. तोवर तिने गडचिरोलीला एका कॉलेजात तासांवर शिकवायचं काम धरलं. उन्हाळ्यात बापाबरोबर तेंदूपत्ता तोडायला गेली, असंही कानावर आलं. एमएस्सी झालेली पोरगी. त्या बापाला मी म्हटलं होतं, निसूर राहा.

पावसाळ्यात ती पुन्हा आली. त्याच झाडांखाली नवे चौकोन, नव्या पट्ट्या. मी खोली झाडून, सारवून ठेवली होती. पण पिशवी घेऊन ती माझ्या दारावरून पुढे गेली आणि शेजारणीच्या घरी उतरली. रागाने नाही. मला पाहून थांबली, "बऱ्या आहा ना, बाई?" म्हणाली, तब्येत विचारली. मग गेली. संध्याकाळी शेजारणीच्या छपरीतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. शेजारीण तिला तेच जुनं म्हणत होती, "आपल्याले कोणी फेलोशिप नाई देल्ली!" आणि ती "ताईमावशी, ताईमावशी" करत होती. ते ऐकून मला बरं वाटलं. बरं वाटलं, आणि मी दार लावून घेतलं.

ती वही तिने परत दिली नाही, दुसरीही दिली नाही. नोंदी ती स्वतः ठेवते, नाहीतर शेजारणीच्या नातीकडून ठेवून घेते. पडताळून झालेलं पेनाने, पडताळायचं राहिलेलं पेन्सिलने. मी दुकानातून एक वही आणली. रोज लिहिते. तारीख, वारा, पाऊस, ढोर. कोणासाठी, ते माहीत नाही. पण एकही ओळ अंदाजाने लिहीत नाही.

आता पुन्हा फागुन लागला आहे. माझ्या तिन्ही मोहांखाली पाला साचला आहे, करकर वाजतो. बाया येता-जाता बोलतात. बोलू देत. मी खराटा पुतण्याच्या घरी नेऊन ठेवला आहे. जुन्या चौकोनांतल्या काही जळक्या खोडांना मुळातून बारीक फुटवा आला होता. मला पाहून फार आशा वाटली. पोरगी म्हणाली, ते मोजणीत धरता येत नाही.

समिती पुन्हा बसायची आहे. काल सकाळी पोरगी चौकोनाशी उकिडवी बसून मोजत होती. मी धुऱ्यावर उभी होते, लांबच. तिने मान वर न करता विचारलं, "बाई, परवा मी नव्हती. वारा कोणीकडून होता?"

सांगता आलं असतं. मला पाठ होता. पण मी म्हटलं, "थांब, पाहून सांगते," आणि घरी जाऊन वही आणली. तिथे उभी राहून वाचून दाखवलं. सकाळी पडलेला, दुपारनंतर पश्चिमेकडून. एक गाय आली, चौकोनात शिरली नाही. संध्याकाळचे माहीत नाही.

तिने ऐकलं. कानामागे खोचलेलं पेन तिने काढलं, पाहिलं, परत खोचलं. मग पिशवीत हात घालून पेन्सिल शोधली, आणि पेन्सिलने लिहून घेतलं.